सीटखालचं वय

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आई-वडिलांचा दिवस सकाळी साडेआठला थांबतो. मुलगी-जावई कामावर जातात, नातवंडं शाळेत जातात, आणि दाराबाहेर असा रस्ता असतो की ज्यावर पायी चालणारं माणूस दिसत नाही. रिक्षा नाही, बस नाही, कोपऱ्यावर वाण्याचं दुकान नाही. माझ्या आई-अण्णांचे आधीचे मुक्काम असेच गेले. आईचे दोन्ही गुडघे झिजलेले, त्यामुळे तिची धाव अंगणापर्यंत. अण्णांचं सगळं आयुष्य दापोडीच्या एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेत गेलेलं. हाताला काम नसलं की त्यांना जेवण जात नाही. दुपारी दोघं खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत. परतीच्या तिकिटाची तारीख जवळ आली की दोघांचे चेहरे उजळायचे, आणि ते बघून मला फार वाईट वाटायचं.

अटलांटाच्या परिसरातली बहुतेक मराठी कुटुंबं शहराच्या उत्तरेला राहतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दक्षिणेला पीचट्री सिटीत घर घेतलं. 1959 मध्ये सनद मिळालेलं, आधी आखून मग वसवलेलं हे गाव. इथलं वेगळेपण म्हणजे पाइनच्या झाडीतून आणि तळ्यांच्या काठाकाठाने फिरणाऱ्या डांबरी वाटा. त्यांची लांबी शंभर मैलांच्या वर आहे, म्हणजे 160 किलोमीटरहून जास्त. मोठ्या रस्त्यांखालून त्या बोगद्याने जातात, काही ठिकाणी वरून पुलाने. पायी चालणारे, सायकलवाले आणि गोल्फ कार्ट यांच्यासाठीच त्या आहेत, मोटारींना तिथे मज्जाव. गावच्या दप्तरात दहा हजारांहून जास्त कार्ट नोंदलेल्या आहेत. लोक कार्टने भाजी आणतात, ग्रंथालयात जातात, दाताच्या डॉक्टरकडे जातात. मॅकिन्टॉश हायस्कूलच्या आवारात मुलांच्या कार्ट ओळीने उभ्या असतात. आमच्या घरात गोल्फची काठी कुणी हातातही धरलेली नाही. पण आई-अण्णांना दिवसा स्वतःच्या मर्जीने घराबाहेर पडता येईल असं एखादं वाहन अमेरिकेत असेल तर ते हेच, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

नवी चार जणांची कार्ट घ्यायची तर बारा-पंधरा हजार डॉलर. तेवढ्यात जुनी मोटार येते. त्यामुळे वापरलेलीच घ्यायची हे ठरलेलं होतं. 2023 च्या वसंतात आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आले आणि आम्ही शोधायला लागलो. करोनाच्या काळात मागणी वाढून जुन्या कार्टच्या किमती चढल्या होत्या, त्या अजून पुरत्या उतरल्या नव्हत्या. मात्र निवडीला तोटा नव्हता. आमचं जॉर्जिया राज्य हे कार्टचं माहेरच. ई-झी-गो ही कंपनी 1954 मध्ये ऑगस्टा शहरात सुरू झाली, क्लब कारचा कारखाना ऑगस्टाच्याच लगत आहे, आणि यामाहाच्या कार्ट आमच्या शेजारच्या न्यूनन गावात बनतात. या तीन नावांच्या बाहेर जायचं नाही, हे अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यांचं कारण सरळ होतं: ज्याचे सुटे भाग गावात मिळतात तेच वाहन घ्यावं.

पहिला विक्रेता महामार्गालगतचा. आवारात पन्नासेक कार्ट चकचकीत उभ्या. लाल, निळ्या, मोतिया; सीटना नवी कव्हरं, चाकांना काळ्या जाळ्या, छताखाली स्पीकर. विक्रेता तरुण आणि बोलायला गोड. त्याने एक निळी कार्ट दाखवली. 2015 ची, ‘पूर्ण नव्याने तयार केलेली’, किंमत 8,495 डॉलर. मी फोटो काढत होते. अण्णा चाकाशी उकिडवे बसून खाली वाकून बघत होते. ते उठले आणि मला म्हणाले, “त्याला सीट उचलायला सांग.”

इलेक्ट्रिक कार्टची पुढची सीट नुसती वर ओढली की निघते. खाली बॅटऱ्या. या गाडीत आठ व्होल्टच्या सहा होत्या, मिळून 48 व्होल्ट. एकेक साधारण 29 किलोची, म्हणजे गाडीच्या वजनाचा मोठा हिस्सा इथेच. वरून पाणी मारून स्वच्छ केलेल्या. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, शिशाच्या टर्मिनलवरची घाण अंगठ्याने पुसली आणि मला अक्षर वाचायला सांगितलं. एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा ठोकलेला होता. अक्षर महिन्याचं, आकडा वर्षाचा. ए म्हणजे जानेवारी, तिथून एल म्हणजे डिसेंबर. अनेक बॅटरी कंपन्या अशीच खूण करतात. आमच्या समोरच्या पाच बॅटऱ्या 2017 च्या होत्या आणि एक 2020 ची.

“एक बदललीय,” अण्णा म्हणाले. “म्हणजे एक मेली होती. बाकीच्या पाच तिच्याच वयाच्या. नव्या बैलाबरोबर पाच म्हातारे जुंपलेत.”

शिशाच्या बॅटरीचं आयुष्य नीट निगा राखली तर पाच-सहा वर्षं. जुन्यांच्या साखळीत एक नवी घातली की तिलाही जुन्यांच्या चालीने चालावं लागतं आणि ती अकाली थकते. ही गोष्ट एस.टी.च्या डेपोतल्या कुठल्याही बॅटरी अटेंडंटला माहीत असते. विक्रेत्याला मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “चालवून बघा ना, मस्त पळते.” पळाली खरंच. सपाट आवारात पाच मिनिटं कुठलीही बॅटरी पळवते. सहा नव्या बॅटऱ्यांना हजार ते दीड हजार डॉलर पडतात. तो खर्च किमतीत धरणार का, या प्रश्नावर तो आत जाऊन साहेबांना विचारून आला आणि किंमत पक्की आहे म्हणाला. आम्ही निघालो.

हा माल येतो कुठून, ते मला नंतर समजलं, आणि जुनी कार्ट घेणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. गोल्फचे क्लब कार्ट सहसा विकत घेत नाहीत, तीन ते पाच वर्षांच्या कराराने भाड्याने घेतात. करार संपला की पन्नास-साठ गाड्यांचा ताफा एकदम परत जातो आणि तिथून विक्रेते त्या उचलतात. या गाड्या रोज धावलेल्या असतात, रोज वेगळ्या माणसाने हाकलेल्या असतात. पण रोज रात्री चार्जही झालेल्या असतात आणि क्लबचा मेकॅनिक त्यांच्याकडे बघत आलेला असतो. म्हणून ताफ्यातली गाडी वाईटच असं नाही. वाईट असते ती लपवाछपवी. बाहेरचा प्लॅस्टिकचा साचा, सीट, चाकं हे सगळं काही शे डॉलरांत नवं होतं आणि गिऱ्हाइकाची नजर तिथेच खिळते. ज्यावर गाडी चालते ते सगळं सीटखाली आणि चाकांच्या मागे असतं.

त्या संध्याकाळी अण्णांनी जावयाकडून मल्टिमीटर घेतला आणि मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानातून दहा डॉलरच्या आतला एक हायड्रोमीटर आणवला. काचेची नळी, वर रबरी फुगा. तो हातात आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते. मला त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलं. पूर्ण चार्ज करून काही तास उभ्या ठेवलेल्या 48 व्होल्टच्या संचाने जवळपास 51 व्होल्ट दाखवले पाहिजेत. 48 च्या थोडं वर दाखवत असेल तर निम्मीच भरलेली. पण व्होल्ट फसवतात, चार्जर नुकताच काढला असेल तर फुगीर आकडा येतो. खरं बोलतं ते सेलमधलं पाणी. हायड्रोमीटरचा आकडा पूर्ण भरलेल्या सेलला 1.270 च्या आसपास येतो. अण्णा त्याला ‘बाराशे सत्तर’ म्हणतात, कार्यशाळेत सगळे तसंच म्हणत. आणि एकट्या आकड्यापेक्षा सगळ्या सेलचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे महत्त्वाचं. एक सेल चाळीस-पन्नासने मागे असला तर ती बॅटरी जाणार, मग बाकीच्या कितीही छान असोत.

यानंतर आम्ही बऱ्याच गाड्या पाहिल्या. आई प्रत्येक वेळी बरोबर असायची, आणि गाडी नापसंत करण्यात तिचा वाटा अण्णांइतकाच होता. इथे कार्ट उंच करून घ्यायची फार हौस. लिफ्ट किट घालून गाडी सहा इंच वर उचलतात, मोठी चाकं बसवतात. दिसायला रुबाबदार. पण त्यामुळे पायरी वर जाते, मोटरवर आणि पुढच्या सांध्यांवर जादा ताण येतो. एका आवारात आईने अशा गाडीच्या दांडीला धरून पाय वर टाकायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यात खाली घेतला आणि शांतपणे म्हणाली, “हिच्यात मला बसवायला रोज कुणीतरी लागेल. मग उपयोग काय?” त्या वाक्याने आवारातल्या निम्म्या गाड्या आमच्यापुरत्या बाद झाल्या. वाहन कुणासाठी घेतोय हे आधी नक्की असलं की वेळ आणि पैसा किती वाचतो, ते मी तिथे शिकले.

पेट्रोलवर चालणाऱ्या कार्टही पाहिल्या. अण्णांचा कल सुरुवातीला तिकडेच होता, इंजिन म्हणजे त्यांची ओळखीची जागा. बॅटरीच्या वयाचा प्रश्न नाही, हवं तेवढं लांब जा. पण बोगद्यातून जाताना तो आवाज आणि वास आईला सोसेना, आणि आमची धाव दिवसाला सात-आठ मैलांच्या पलीकडे जाणार नव्हती. बरी बॅटरी असलेली कार्ट एका चार्जवर वीस-पंचवीस मैल सहज जाते. तो विषय तिथे संपला.

सगळे विक्रेते पहिल्यासारखे नव्हते, हे सांगायलाच हवं. न्यूननच्या वाटेवरच्या एका छोट्या दुकानात मालक स्वतः ग्रीस लागलेल्या हातांनी बाहेर आला. आम्ही विचारायच्या आधीच त्याने सीट उचलली आणि म्हणाला, “या 2018 च्या आहेत, फार तर एक उन्हाळा काढतील. अशीच न्या, नाहीतर हजार डॉलर जास्त द्या, नव्या घालून वर्षाची हमी लिहून देतो.” अण्णांना इंग्रजी संभाषण जड जातं, पण हात आणि सूर यांवरून ते माणूस ओळखतात. त्यांनी त्याच्याशी पुढच्या चाकांचे किंगपिन, टायरॉडची टोकं, मागचे कमानपाटे यावर बराच वेळ अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या खुणांनी गप्पा मारल्या. त्याच्याकडे त्या दिवशी चार जणांची, कमी उंचीची गाडी नव्हती, नाहीतर आम्ही तिथेच घेतली असती. ज्याला सीटखाली बघायचं कळत नाही आणि शिकायला सवड नाही, त्याने असा विक्रेता शोधून दोन पैसे जास्त द्यावेत असं माझं मत आहे. हमीच्या कागदाला किंमत आहे, पण त्यात बॅटऱ्या धरल्या आहेत का ते वाचून घ्यावं. बहुतेक कागदांत त्या वगळलेल्या असतात.

खासगी विक्रीत हमी नसते, पण गाडी ज्याने वापरली तो माणूस समोर उभा असतो, त्याला विचारता येतं. एका घरी गॅरेजच्या कोपऱ्यात कार्ट धूळ खात होती. मालक म्हणाला, “हिवाळाभर लावली नाही, चार्ज केली की चालेल.” चार्जर जोडला तर काहीच नाही. आवाज नाही, काट्याची हालचाल नाही. बॅटऱ्यांचा दाब फार खाली गेला की बरेच चार्जर सुरूच होत नाहीत, कारण चालू व्हायला त्यांना समोरून थोडे व्होल्ट लागतात. अण्णांनी सेलची झाकणं उघडून टॉर्च मारला. पाण्याच्या वर आलेल्या प्लेटा पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनी झाकणं परत जपून लावली आणि मालकाला नमस्कार केला. गाडीचं बाकी अंग चांगलं होतं. नव्या बॅटऱ्यांचे पैसे वजा करून किंमत सांगितली असती तर विचार केला असता, पण मालक चालू गाडीचीच किंमत धरून बसला होता.

दुसऱ्या एका ठिकाणी गाडी उत्तम, किंमत आश्चर्य वाटावं इतकी कमी. पण क्रमांकाची पट्टी जागेवर नव्हती, नुसता गोंदाचा डाग. विकणारा म्हणाला, धुताना निघून गेली. जॉर्जियात गोल्फ कार्टला आपल्याकडच्या आरसी बुकासारखा मालकीचा सरकारी कागदच नसतो. गावाकडे नोंद होते, चिकटवायला क्रमांक मिळतो, पण मालकी म्हणजे खरेदीची पावती आणि गाडीवरचा कारखान्याचा क्रमांक, एवढंच. म्हणूनच चोरीची कार्ट विकणं सोपं जातं. क्रमांक नसेल तर ती गाडी कुणाची याचा पत्ता लागायला मार्गच उरत नाही. माझा नवरा थोडा रेंगाळला, गाडी खरंच छान होती. अण्णा फाटकाकडे चालू लागले होते.

आमची गाडी अखेर मिळाली ती केड्रन तळ्याजवळच्या एका घरात. विमानतळ अर्ध्या-पाऊण तासावर असल्यामुळे या गावात विमान कंपन्यांतून निवृत्त झालेली माणसं पुष्कळ. हे गृहस्थही त्यातलेच, विमानांच्या देखभालीत काम केलेले. मुलीजवळ दुसऱ्या राज्यात राहायला जायचं म्हणून घर आवरत होते. कार्ट क्लब कारची, प्रिसीडंट मॉडेल, पांढरी, मागे तोंड करून बसायची जोडसीट लावलेली. रंग उन्हाने किंचित पिवळा पडलेला, सीटच्या शिवणीला एके ठिकाणी चिकटपट्टी. क्रमांकाची पट्टी जागेवर होती. क्लब कारच्या क्रमांकात सुरुवातीच्या अक्षरांनंतरचे पहिले दोन आकडे वर्षाचे असतात, ते 12 होते.

त्यांनी सीट उचलली आणि आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दिसला. दर महिन्याला कुठल्या तारखेला पाणी पाहिलं, किती घातलं, कधी टर्मिनल साफ केली, सगळं पेन्सिलीने. बॅटऱ्यांवर 2021 ची खूण, सहाही एकाच महिन्याच्या. अण्णांनी तो कागद वाचला नाही, नुसता बघितला. मग हायड्रोमीटर काढला. ते गृहस्थ आत जाऊन दोन रबरी हातमोजे घेऊन आले आणि अण्णांना दिले. सहा बॅटऱ्या, प्रत्येकी चार सेल. अण्णा आकडा मराठीत सांगत होते, मी लिहीत होते, आणि ते गृहस्थ माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत मान हलवत होते. सगळ्यात वरचा बाराशे पंच्याहत्तर, सगळ्यात खालचा बाराशे साठ.

मग बाकीचं. क्लब कारची चौकट ॲल्युमिनियमची असते, तिला गंज नाही. पण बॅटरीच्या खालचे पोलादी भाग आम्लाने खाल्लेत का, ते पाहिलं. पुढची चाकं उचलून हाताने हलवून किंगपिनची ढिलाई पाहिली, थोडी होती. टायर आतल्या कडेला जास्त झिजलेले, म्हणजे चाकांची दिशा जुळवून घ्यायला हवी. मागच्या सीटचे नट अण्णांनी एकेक करून तपासले, कारण तिथे नातवंडं बसणार होती. बाहेरून लावलेल्या या सीटचं सांधकाम कच्चं असू शकतं आणि पाटे मूळ दोन माणसांच्या वजनाचे असतात. इथे जड पाटे घातले होते.

चालवून बघायची वेळ आली तेव्हा अण्णांनी आम्हा सगळ्यांना बसायला लावलं. चारही जागा भरल्या. रिकाम्या गाडीची परीक्षा ही परीक्षाच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. वाट तळ्यावरून बोगद्यात उतरते आणि पलीकडे चढ आहे. त्या चढावर कमकुवत बॅटरी लगेच उघडी पडते, गाडीचा दम जातो. आमची एका चालीने वर गेली. उतारावर पॅडलवरचा पाय काढला की मोटरच गाडीला आवरून धरते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. ते बघून अण्णा दोनदा तो उतार उतरले. परत आल्यावर मल्टिमीटर पुन्हा लावला. दाब किती पडला आणि काही मिनिटांत किती सावरला, याकडे त्यांचं लक्ष होतं.

किंमत 5,200 सांगितली होती. आम्ही टायर आणि किंगपिनचं कारण सांगून 4,900 म्हटलं. ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की चार्जर, जादा केबल आणि डिस्टिल्ड पाण्याचे डबे त्यातच देतो. विक्रीच्या कागदावर त्यांचं-माझं नाव, तारीख, रक्कम आणि गाडीचा पूर्ण क्रमांक लिहिला, दोघांनी सह्या केल्या. तो क्रमांक गाडीवरून बघून लिहावा, जुन्या पावतीवरून उतरवू नये. गावाच्या दप्तरी नाव बदलायलाही हाच कागद लागला. विम्याचं मात्र आधी विचारून घेतलं हे बरं झालं. घराच्या विम्यात आवाराबाहेर पळणारी कार्ट धरलेली असेलच असं नाही, आम्हाला वेगळा विमा घ्यावा लागला.

गाडी घरी आणायला ट्रेलर लागला नाही. अण्णा आणि आई ती वाटावाटांनीच घेऊन आले, मी सायकलवर पुढे. अण्णांकडे भारतातला आणि आंतरराष्ट्रीय असे दोन्ही परवाने होते, पण उजवीकडून चालायची सवय लागेपर्यंत मी त्यांना एकटं सोडलं नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या घराची घडी बदलली. कार्टचा वेग ताशी 20 मैलांच्या आत, साधारण 32 किलोमीटर. अण्णांना तो पुरेसा आणि आईला भरपूर वाटे. सकाळी ऊन चढायच्या आत दोघं बाहेर पडत. आधी पीचट्री तळं, मग ग्रंथालय, तिथे आई मोठ्या टायपातली चित्रांची पुस्तकं चाळत बसे आणि अण्णा बाहेर उभ्या असलेल्या कार्ट बघत. येताना भाजी. दुपारी नातवाला शाळेतून आणायचं काम त्यांनी आमच्याकडून काढून घेतलं. आईला वाटेवर दिसलेल्या बायकांची नावं माहीत झाली, एक तेलुगू आजी आणि एक केरळच्या बाई. दोघींशी ती हिंदीत बोलायची आणि त्या आपापल्या भाषेत. पुणे स्टेशनवर व्हीलचेअरला आणि बॅटरीच्या गाडीला ती कायम नकार देत आली. या गाडीबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. रिव्हर्डेलच्या मंदिरात जायला मात्र अजून मोटारच लागते, आणि महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम तर फारच लांब. कार्टची हद्द गावापुरती आहे, हे मान्यच आहे.

खर्च पुढे झाला तो असा: चार टायर, पुढच्या चाकांचे बुश आणि किंगपिन, ब्रेकचे लायनर. सुटे भाग आणून अण्णांनी आणि माझ्या नवऱ्याने गॅरेजमध्ये बसवले. सासरा-जावई एकत्र काही तास गप्प राहून काम करतात आणि दोघंही खूश असतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

आता घरात एक वाद चालू आहे. या बॅटऱ्या अजून दोन-तीन वर्षं देतील. त्यानंतर पुन्हा शिशाच्या घ्यायच्या की लिथियमच्या? लिथियमचा संच वजनाला निम्म्याहून कमी, पाणी घालायला नको, आयुष्य जास्त, आणि चार्ज संपेपर्यंत गाडीची चाल टिकून राहते. पैसे मात्र दीडपट-दुप्पट आणि चार्जरही बदलावा लागतो. अण्णा विरोधात आहेत. शिशाच्या बॅटरीत प्रत्येक सेलला वेगळं विचारता येतं, लिथियमची पेटी बंद, आत काय चाललंय ते तिच्या सर्किटने सांगायचं आणि आपण ऐकायचं, हे त्यांना पटत नाही. माझं मत लिथियमकडे आहे, कारण ते परत गेल्यावर पाणी बघायचं काम माझ्यावर येतं, आणि एखादा महिना राहिला तर प्लेटा उघड्या पडतील ही धास्ती मला कायम असते.

सध्या तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सीट उचलते, झाकणं उघडते, चोवीस आकडे वहीत लिहिते आणि पानाचा फोटो दापोडीला पाठवते. मागच्या खेपेला चौथ्या बॅटरीचा एक सेल बाराशे तीसवर आला. अण्णांचा फोन पाच मिनिटांत आला. “घाबरू नकोस, पूर्ण चार्ज कर, रात्रभर तशीच राहू दे, सकाळी परत मोज. आणि मोजायच्या आधी फुगा दोन-तीनदा दाबून पाणी वरखाली कर, तू ते विसरली असशील.”